चुकलेल्या रंगांच्या बाई

बाईंना मी धड रंग विकत घेताना कधीच पाहिलं नाही. विनिपेगमधल्या ज्या हार्डवेअरच्या दुकानात मी रंगाच्या काउंटरवर उभी राहायचे, तिथे भिंतीला लागून एक लोखंडी रॅक होता. गिऱ्हाइकाने मागितलेला एक आणि मशीनमधून निघालेला भलताच, किंवा घरी नेऊन भिंतीवर फासल्यावर घरच्यांना पटला नाही म्हणून परत आलेला, असे सगळे डबे त्या रॅकवर जात. दुकानात त्यांना मिसटिंट म्हणत. बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, इकडेतिकडे न बघता त्या रॅकपाशी जायच्या, झाकणांवर लावलेले रंगाचे ठिपके नाक टेकवून तपासायच्या आणि चार-पाच डबे ढकलगाडीत टाकून निघायच्या.

"नवे का घेत नाही?" असं मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं.

"नवा रंग कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जायला निघालेला असतो," त्या म्हणाल्या. "ह्यांना कुठेच जायचं नाहीये. असे रंग माझं ऐकतात."

तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. उंच, खांद्यात वाकलेल्या. केस स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःच कापायच्या, त्यामुळे एक बाजू नेहमी आखूड असायची. अंगात पुरुषी जाडजूड पार्का कोट, त्याच्या दोन्ही कोपरांना रुपेरी चिकटपट्ट्या. बुटांवर इतके रंग सांडलेले की मूळ बूट कोणत्या रंगाचे, हे सांगणं मलाही जमलं नसतं. आणि ते सांगणं हेच माझं अकरा वर्षं काम होतं.

मी मूळची नागपूरची. एम.एस्सी. झाल्यावर तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. शेड मॅच करायची. नमुना आला की तो कोणत्या रंगद्रव्यांनी, किती प्रमाणात बनलाय ते ओळखायचं आणि तसाच दुसरा बनवायचा. मग नवऱ्याला, मिलिंदला, इथे नोकरी मिळाली आणि आम्ही मुलीला घेऊन विनिपेगला आलो. पहिलं वर्ष मी पन्नासएक ठिकाणी अप्लाय केलं. सगळीकडून एकच उत्तर, कॅनेडियन एक्सपिरियन्स नाही. शेवटी ह्या दुकानात लाल एप्रन मिळाला. आईला मी फोनवर "रंगाच्या कंपनीत आहे" एवढंच सांगितलं होतं.

बाईंची आणि माझी ओळख झाली ती एका करड्या डब्यावरून. त्यांनी तो काउंटरवर ठेवला. मी झाकणावरचा ठिपका बघितला आणि सवयीने मराठीतच पुटपुटले, "गेरू जास्त पडलाय."

"काय म्हणालीस?"

मी ओशाळले. म्हटलं, "ह्यात लाल ऑक्साइड जास्त गेलंय. इथल्या ट्यूबलाइटखाली करडा दिसतोय, पण खिडकीपाशी नेलात तर गुलाबी दिसेल."

बाईंनी माझ्याकडून झाकण उघडून घेतलं, डबा दोन्ही हातांत धरून दुकानाच्या काचेच्या दारापर्यंत चालत गेल्या आणि बाहेरच्या बर्फाच्या उजेडात त्यात बघत उभ्या राहिल्या. दार आपोआप उघडत होतं, मिटत होतं, थंड वारा आत येत होता आणि मॅनेजर माझ्याकडे बघत होता. बाई परत आल्या.

"तू कोण आहेस?"

"मी इथे काम करते."

"ते दिसतंय. त्याच्या आधी कोण होतीस?"

दीड वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. "केमिस्ट," मी म्हटलं.

"हं," बाई म्हणाल्या. "केमिस्ट, मंगळवारी तू असतेस का?"

त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही. माझं नाव त्यांना नीट म्हणताही यायचं नाही, पण कारण ते नव्हतं. मी एकदा म्हटलंसुद्धा की आता मी केमिस्ट नाहीये. त्या म्हणाल्या, "एप्रन बदलला म्हणून डोळे बदलतात का?"

मी त्यांना बाई म्हणायचे. त्यांचा आग्रह होता की नावाने हाक मार, पण आईपेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई, म्हणून ह्याही बाई. याची एकच पंचाईत झाली. मी फोन करून "हॅलो बाई" म्हटलं की त्या पलीकडून "बाय" म्हणून फोन ठेवून द्यायच्या. असं तीन वेळा झाल्यावर त्या दुकानात येऊन रागावल्या. "तू फोन करतेस आणि लगेच निरोप का घेतेस?" मग मी अर्थ सांगितला. त्यांना तो फार आवडला. पुढे त्या स्वतः फोन करून "मी बाई बोलतेय" असं म्हणायच्या, तेही माझ्यासारखाच हेल काढून.

बाईंचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या एल्म झाडांच्या रस्त्यावर होतं. त्या स्वतः फावड्याने बर्फ शोव्हल करायच्या, पण फाटकापासून दारापर्यंतची वाट सरळ कधीच काढायच्या नाहीत. ती वाट मध्येच डावीकडे वळायची, एका झुडपाला वळसा घालायची आणि मग दाराशी पोचायची. पोस्टमन वैतागायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही सरळ जायला बघितलं आणि गुडघ्यापर्यंत रुतले.

"वाट आहे ना काढलेली?" दारातून बाई म्हणाल्या.

"वाकडी का काढली?"

"सरळ आली असतीस तर झुडपाकडे बघितलं असतंस का?"

झुडपावर बर्फ होतं आणि बर्फाच्या खाली चार लाल फळं होती. ती मी बघितली नव्हती हे खरं.

घरात फर्निचर असं नव्हतंच. होतं ते सगळं एका खोलीत कोंबलेलं. बाकीच्या तीन खोल्यांत जमिनीवर कॅनव्हास पसरलेले. बाई रंगवायच्या ते उभ्यानेच, घरातला झाडू, खिडक्या पुसायचा रबरी पट्टा, एकदा तर बर्फाचं फावडं घेऊन. रंग ओतायच्या, ओढायच्या, थांबायच्या, लांब जाऊन पाठ करून उभ्या राहायच्या. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसता रंग, आणि रंगाला रंग भिडतो तिथली कड. चित्र जमलं नाही की म्हणायच्या, "हे अजून खोटं बोलतंय." जमलं तर काहीच म्हणायच्या नाहीत. सही पुढून करायच्या नाहीत. मागे कोळशाने त्या दिवसाचं तापमान आणि दुपारी काय खाल्लं ते लिहायच्या. "उणे एकतीस, बटाट्याचं सूप." हेच चित्राचं नाव.

घरात येणाऱ्याने आधी स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर वीस मिनिटं एका चित्रासमोर न बोलता बसायचं, असा नियम होता. पहिल्या दिवशी मी बसले. एक मोठं तपकिरी-पांढरं चित्र होतं. पाच मिनिटं मला घरी करायच्या भाजीची काळजी वाटली. मग पायांना ऊब आली. मग उगाचच कारखान्यातली माझी जागा आठवली, खिडकीपाशी सुकत ठेवलेल्या नमुन्याच्या पट्ट्या आठवल्या. वीस मिनिटांनी बाई आल्या.

"मला ह्यात काही कळत नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"छान. ज्यांना कळतं ते लवकर उठून जातात. चहा घेणार?"

बाई अमेरिकेतल्या. तिकडच्या मध्यावरच्या एका खेड्यात वडील शेतकऱ्यांची कोठारं रंगवायचे. बाई त्यांच्या शिडीखाली डबे धरत वाढल्या. विसाव्या वर्षी न्यूयॉर्कला गेल्या, दिवसा चित्रकलेच्या शाळेत आणि संध्याकाळी एका खाणावळीत वाढपी. अमूर्त चित्रांचा तिथे तेव्हा मोठा बोलबाला होता. "पुरुष रंगवायचे आणि त्याहून जास्त बोलायचे," त्या म्हणायच्या. "मी त्यांच्या टेबलावर सूप ठेवायची आणि ऐकायची. मग घरी जाऊन त्यांनी सांगितलेलं करून बघायची. त्यांना स्वतःला ते करायला वेळच नसायचा." दोन-तीन प्रदर्शनांत त्यांची चित्रं लागली. एकदा एका मोठ्या जाणकाराने त्यांचं चित्र बघून विचारलं, हा कोण आहे? हा नाही, ही आहे, असं कळल्यावर तो पुढच्या चित्राकडे गेला.

मग त्यांच्या धाकट्या भावाला युद्धावर बोलावणं आलं. त्याला जायचं नव्हतं. तो सरहद्द ओलांडून विनिपेगला आला. बाई त्याला दोन आठवडे भेटायला म्हणून आल्या, आणि पन्नास वर्षं राहिल्या. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इथे हिवाळ्यात पाच महिने सगळं पांढरं असतं. पांढऱ्याचे इतके प्रकार न्यूयॉर्कमध्ये कुठून मिळणार?" भाऊ वारला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. अंगातला पार्का त्याचा होता.

मिलिंदला माझं तिकडे जाणं पटायचं नाही. "काऊन त्या बुढीच्या नादी लागतेस? सुट्टीच्या दिवशी तरी घरी राह्य ना," तो म्हणायचा. आमची मुलगी मैत्री मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायची, "मॉम हॅज अ फ्रेंड, बाबा. लेट हर."

बाईंचं आणि माझं एकदाच कडाक्याचं भांडण झालं. ते निळ्यावरून.

एप्रिलमधली जयंती आमची इथली संस्था एका कम्युनिटी सेंटरमध्ये करते. मिलिंद त्या वर्षी समितीत होता. स्टेजच्या मागे लावायचं कापड छापून आलं ते जांभळट. सगळे हळहळले. मी म्हटलं, कोरं कापड आणा, मी रंगवून देते. एवढं कापड पसरायला जागा बाईंकडेच होती. मी निळा मिसळत बसले. बाई येऊन बादलीत डोकावल्या.

"फार उघडा आहे. थोडं काळं टाक."

"नको. हा असाच असतो."

"असाच म्हणजे? कुणी ठरवलं?"

मी म्हटलं, आमच्याकडे ह्या रंगाला अर्थ आहे. बाईंनी हात झटकला. त्यांचं हे आवडतं मत होतं, मी ते अनेकदा ऐकलं होतं. "रंगाला अर्थ चिकटवला की रंग मेला. रंग म्हणजे झेंडा नव्हे."

माझ्या हातातली काठी थांबली. मी उभी राहिले आणि एरवी कधी बोलले नसते तशी बोलले.

"माझ्या आजोबांनी गावात आमच्या वस्तीत बांबूवर निळा झेंडा लावला. गावातल्यांनी येऊन तोडला. आजोबांनी पुन्हा लावला, पुन्हा तोडला. तिसऱ्या वेळी त्यांनी घराचं अख्खं दारच निळं रंगवलं. म्हणाले, आता घर पाडा. कुणी आलं नाही. माझी आई त्या दारातून शाळेत गेली, म्हणून मी कॉलेजात गेले. तुमचे वडील कोठारं रंगवायचे, त्यांना कुणी येऊन विचारलं का, हा रंग लावायची तुझी लायकी आहे का म्हणून? नसेल विचारलं. म्हणून तुम्हाला रंग नुसता रंग वाटतो."

बाई वळल्या आणि सिंकवर जाऊन झाडू धुवायला लागल्या. मी कापड रंगवलं, वाळवलं, गुंडाळलं आणि निघून आले. घरी आल्यावर मिलिंदला सगळं सांगितलं आणि रडले. म्हटलं, इतक्या मोठ्या बाईला मी तिच्याच घरात सुनावून आले.

"बरं केलं," मिलिंद म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण फोन कर तिला."

मी केला नाही. आठवड्याने त्यांचाच आला. "मी बाई बोलतेय. ये."

मोठ्या खोलीत जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक कॅनव्हास होता. सगळा निळा. काळ्याचा थेंब नाही. मिसटिंटच्या रॅकवर असा निळा कधी येत नाही. बाईंनी तो दुसऱ्या एका दुकानातून चक्क नवा आणला होता. त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत भरलेले.

"मला जमत नाहीये," त्या म्हणाल्या. "सोळाव्या वर्षापासून निळा लावतेय. तुझ्या आजोबांनी दाराला किती हात दिले होते?"

आई सांगायची ते मला आठवलं. "तीन."

"मग मला एक कमी पडतोय," बाई म्हणाल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला.

तिसरा हात आम्ही दोघींनी दिला. त्या एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून. मधे दोघींचे झाडू एकमेकांवर आपटले. त्या दिवशी मी डब्यात वरण-भात नेला होता. चित्राच्या मागे त्यांनी लिहिलं, "उणे चार, केमिस्टचं वरण." जयंतीला त्या आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, भाषणं मराठीत आणि हिंदीत झाली तरी उठल्या नाहीत. स्टेजवरचं कापड मात्र त्या पूर्ण वेळ बघत होत्या.

माझ्या नोकरीचं त्यांनी मनावर घेतलं ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. शेतीच्या यंत्रांना लागणारे रंग तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली होती. मिलिंदने मला लिंक पाठवली होती, मी उघडलीही नव्हती. आता पुन्हा तो नकार नाही ऐकायचा, असं माझं ठरलं होतं. बोलता बोलता मी हे बाईंना सांगितलं. पुढच्या रविवारी गेले तर दार आतून बंद.

"अर्ज टाकलास?" आतून आवाज आला.

"नाही. बाई, दार उघडा, थंडी आहे."

"अर्ज टाक, मग उघडते."

मला वाटलं चेष्टा आहे. पाच मिनिटं झाली तरी कडी निघेना. उणे अठ्ठावीस होतं. मी घरी परत जाऊ शकले असते. का कोण जाणे, नाही गेले. हातमोजा काढला आणि त्या पोर्चवर उभी राहून फोनवर अर्ज भरायला लागले. बोटं बधिर होत होती, बॅटरी थंडीने उतरत होती. अनुभव, अकरा वर्षं. ठिकाण, नागपूर. बटण दाबलं आणि फोन खिडकीच्या काचेला लावला. दार उघडलं. आत चहा तयार होता.

"शिफारस कोणाची जोडली?"

"कुणाचीच नाही. इथे मला कोण ओळखतं?"

बाईंनी एका बिलाच्या पाठीमागे लिहायला घेतलं. पुढे मैत्रीने ते टाइप करून पाठवलं. त्यात एवढंच होतं, "मी साठ वर्षांहून जास्त काळ रंगात आहे. ही बाई माझ्यापेक्षा चांगलं बघते. तुम्ही तिला घेतलं नाहीत तर माझी काही तक्रार नाही, कारण ती मला इथेच हवी आहे." मुलाखतीत त्या लोकांनी माझ्यापुढे दोन पट्ट्या ठेवल्या, दोन्ही हिरव्या. मी त्या खिडकीपाशी नेल्या आणि त्या कशाने वेगळ्या आहेत ते सांगितलं. ती नोकरी मी आजही करते.

बाईंच्या डोळ्यांचं मला कळलं ते मात्र फार उशिरा, आणि ज्या कामाचा मला अभिमान आहे त्यातच मी चुकले. त्या वर्षीच्या चित्रांत एक गोष्ट मी बघत होते. सगळा रंग कडांना दाटलेला आणि मधोमध ताटाएवढं कोरं कापड. एक चित्र तसं, दुसरं तसं. मला वाटलं, नवी पद्धत असेल. मग एक दिवस बाईंनी किटलीतला चहा कपाच्या शेजारी ओतला, टेबलावर. आम्ही दोघी त्या ओघळाकडे बघत राहिलो.

"मधोमध डाग आहे," त्या म्हणाल्या. "जिथे बघावं तिथे तो. तुझा चेहरा मला गेल्या हिवाळ्यापासून दिसत नाही. कान दिसतात."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वयोमानाने होतं, आता वाढतच जाईल. हे कुणालाही सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. मग मी रविवारी जाऊन त्यांना रंग सांगायला लागले. त्यालाही नियम होता. गुलाबी, आकाशी असं म्हणायचं नाही, फुलाफळांची नावं घ्यायची नाहीत. "त्यात काय जास्त झालंय आणि काय कमी पडलंय ते सांग. तुझी भाषा बोल." मग मी सांगायचे, पांढरं जास्त आहे, चिमूटभर गेरू, काजळीचा एक थेंब. त्या काठी फिरवायच्या आणि मी "थांबा" म्हटलं की थांबायच्या. अशी दोन चित्रं झाली.

त्याच सुमारास शहरातल्या एका छोट्या गॅलरीने त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. मांडणी करणारा माणूस तरुण होता, मनापासून काम करणारा. तो खुर्चीवर बसला, वीसच्या जागी चाळीस मिनिटं. मधोमध कोरी असलेली ती शेवटची चार चित्रं बघून त्याचे डोळे भरून आले. त्याने मोठा लेख लिहिला. मध्य रिकामा ठेवण्याचं धाडस, आयुष्याच्या शेवटी केंद्राचाच त्याग, असं बरंच. तो लेख मीच बाईंना वाचून दाखवला.

"साठ वर्षांत माझ्यावर एवढं कुणी लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि लिहिलं तर ते माझ्या रोगावर."

मी म्हटलं, "राहू द्या ना. कुणाला कळणार आहे?" त्यांना एकदा तरी नाव मिळावं असं मला फार वाटत होतं.

त्यांनी माझ्या हातातला लेख घेतला आणि त्याची घडी घातली.

उद्घाटनाला शंभरेक माणसं होती. मी प्रयोगशाळेतून तशीच गेले होते. मिलिंद आणि मैत्री आले होते. तो तरुण बोलला, छान बोलला, आणि माइक बाईंच्या हातात दिला.

"ह्याने फार सुंदर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "पण ते खरं नाही, आणि चूक त्याची नाही, माझी आहे. मी त्याला सांगितलं नाही. त्या चित्रांत मध्ये काही नाही, कारण मला मध्ये काही दिसत नाही. माझे डोळे गेलेत."

तो तरुण पांढरा पडला.

"पहिली दोन माझ्या नकळत झाली," बाई पुढे म्हणाल्या. "मला वाटत होतं मी मध्येही रंगवतेय. पुढची दोन मी कळून केली. मला जिथे दिसत नाही ती जागा मी तशीच ठेवली, कारण आता माझ्याकडे दाखवण्यासारखी तीच एक खरी गोष्ट आहे. कुठली दोन कुठली, ते मी सांगणार नाही. तुम्ही बसा आणि बघा. आणि कळून केलेल्या दोन चित्रांतले रंग मला ज्या केमिस्टने सांगितले ती तिथे दाराशी उभी आहे. केमिस्ट, पुढे ये."

टाळी पहिली वाजली ती माझ्या शेजारी. मिलिंद वाजवत होता. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने भिंतीवरचा आपला लेख स्वतः काढला आणि त्या जागी बाईंचे शब्द लावले. खाली माझं नाव होतं, पूर्ण, शुद्धलेखनासकट बरोबर. बाईंनी ते मैत्रीकडून लिहून घेतलं होतं. त्या भिंतीचा फोटो मी आईला पाठवला आणि मग फोन करून दुकानाचं, लाल एप्रनचं, सगळं खरं सांगून टाकलं. आई म्हणाली, "त्यात काय लपवायचं होतं?"

बाई गेल्या त्याला आता दोन हिवाळे झाले. शेवटचं दीड वर्ष त्या वृद्धांच्या एका केंद्रात होत्या. चित्रं काढणं थांबलं होतं. तिथे एक शिकवणारी यायची. तिने बाईंना नजर बाजूला ठेवून बघायला शिकवलं. म्हणजे जे बघायचं त्याच्याकडे तोंड करायचं नाही, त्याच्या शेजारी बघायचं, मग ते डोळ्याच्या कडेने दिसतं.

केंद्रात असतानाच एका जुलैत त्या म्हणाल्या, मला कनोलाचं शेत दाखवून आणा. मोहरीसारखं पिवळं फूल येतं त्याला, मैलोन्मैल. शनिवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. शहर संपल्यावर अर्ध्या तासाने मिलिंदने गाडी एका खडीच्या रस्त्याला लावली. उजवीकडे पार आभाळापर्यंत पिवळं. बाई माझा हात धरून उतरल्या आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बाई, शेत इकडे आहे," मिलिंद म्हणाला. "उजव्या हाताला."

"माहीत आहे. बघतेय."

मैत्री त्यांच्या शेजारी गेली. "व्हॉट डू यू सी?"

"समोर बघ, रस्त्याकडे. डोळे हलवू नकोस. आता उजवीकडे काय आहे ते सांग."

मैत्री उभी राहिली. एरवी दोन मिनिटं एका जागी न ठरणारी मुलगी. "इट्स लाउडर," ती हळूच म्हणाली.

बाई हसल्या. मग मीही त्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिले आणि समोर बघू लागले. थोड्या वेळाने मिलिंदने इंजिन बंद केलं आणि तोही आला. एक पिकअप ट्रक धूळ उडवत आला, आमच्यापाशी हळू झाला. टोपीवाल्या शेतकऱ्याने काच खाली केली.

"गाडी बंद पडलीय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझं शेत बघतोय."

त्याने शेताकडे बघितलं, आमच्या चौघांच्या तोंडांकडे बघितलं, मग आम्ही बघत होतो त्या रिकाम्या रस्त्याकडे. "ओके," म्हणाला आणि निघून गेला.

मला त्या दिवशी बोलायचं होतं. किती दिवस मनात होतं. मी म्हटलं, "बाई, तुमचे आभार मानायचे राहिलेत."

"नंतर," त्या म्हणाल्या. "आधी हे बघून घे."

वारा आला. कडेचं सगळं पिवळं एकदम हललं, आणि आम्ही चौघं समोर बघत उभे राहिलो.